टोपी, पिशवी आणि टोळीचं तेल

माझ्या थोरल्या जावेला मी बाई म्हणायचे. सासू माझ्या लग्नाआधीच गेली होती, त्यामुळं घरात सासूही तीच आणि जाऊही तीच. पण सासूपणा तिला काही केल्या जमला नाही. रागवायला तोंड उघडायची आणि मध्येच हसायला लागायची. मी नवी होते, स्वभावानं तिखट होते, भाकरी जाड करायचे आणि कुणी बोललं तर उलट बोलायचे. ती म्हणायची, "तुही भाकर खाल्ली का दिवसभर भूक नाई लागत, घराचा फायदाच आहे."

तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा झाला नव्हता, सगळा चांदाच होता. आमचं गाव वडशाहून बैलगाडीनं सकाळी निघालं तर दुपार टळता टळता यायचं. मध्ये दोन नाले, एक मोहाचं जंगल आणि मग आमची बांधी. बांधी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. भासरे, म्हणजे माझे थोरले दीर, शेती बघायचे आणि उन्हाळ्यात गाडीनं बांबू वाहायचे. माझे मालक लांबच्या शाळेत मास्तर होते, महिन्यातून एकदा घरी यायचे.

भासऱ्यांशी मी बोलत नव्हते. बोलत नव्हते म्हणजे भांडण नव्हतं, रीतच तशी होती. धाकट्याच्या बायकोनं भासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्याशी शब्द बोलायचा नाही. सांगायचं असलं तर बाईच्या पोरीला सांगायचं, "जा वं, तुह्या बाबाले सांग, पाणी तापलं." बाबा तिथंच चार हातांवर बसलेले असायचे आणि सगळं ऐकू जायचं, तरी पोरगी जाऊन पुन्हा सांगायची. पोरगी घरात नसली तर मी खांबाला सांगायचे. खांबाशी बोलण्यात माझी आणि त्यांची इतकी वर्षं गेली, की त्यांचा चेहरा मला धड आठवत नाही. हात मात्र आठवतात. मोठे, काळे, नखांच्या कडांत तेल मुरलेले.

तेल, कारण त्या माणसाला चामड्याची फार माया. बैलांच्या गळ्यातले पट्टे, चाबकाच्या चऱ्हाटाला बांधलेला वादीचा गोंडा, स्वतःच्या वहाणा, सगळ्याला ते तेल पाजायचे. आमच्याकडं मोहाच्या बियांना टोळी म्हणतात. फुलं संपली की जेठात टोळी पडते, बायका ती वेचून आणतात, फोडून वाळवतात, आणि आषाढाच्या तोंडाला घाणीवरून तिचं तेल येतं. त्या तेलात आमच्या भाज्या, त्यातच दिवा, तेच पोरांच्या डोक्याला आणि तेच वहाणांना. भासऱ्यांची वहाण पाच पावसाळे टिकायची. गावातले लोक विचारायचे, भाऊ, वहाणेले खाऊ काय घालता? त्यांना ते आवडायचं.

बाईला एकच पोरगी जगली होती. तिच्याआधीची दोन आणि नंतरचं एक गेलं. शेवटच्या वेळी मी घरात होते. मूल मेलेलंच आलं आणि त्यामागून जे रक्त सुरू झालं ते थांबेना. सुईणीनं हात टेकले. गाडी जुंपून वडशाच्या धर्मादाय दवाखान्यात नेलं आणि कशीबशी ती वाचली. तिथली डॉक्टरीणबाई दक्षिणेकडची होती. मराठी बोलायची, पण पुस्तकातलं, सावकाश, एकेक शब्द निवडून. ते बाईला कळायचं नाही, म्हणून सोबत मला बसवलं. मी चौथी शिकले होते.

डॉक्टरीणबाईनं स्पष्ट सांगितलं. पुन्हा दिवस गेले तर ही वाचणार नाही. ऑपरेशन करावं तर अंगात रक्तच नाही, भूल दिली तर उठेलच याचा भरवसा नाही. पुरुषाचंही ऑपरेशन होतं असं ती म्हणाली, पण ते नागपूरकडं कुठंतरी, आणि आमच्या भागात तोवर कुणी असलं काही ऐकलंही नव्हतं. मग ती म्हणाली की दिवस जाऊच नयेत अशी सोय असते.

तिनं कपाटातून एक रबराची टोपी काढली. वाटीएवढी, कडेला गोल तार. ही बाईनं आत बसवायची, आधी तिला नळीतलं मलम लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळ उलटेपर्यंत काढायची नाही. मग तिनं दुसरी वस्तू काढली, ती पुरुषाची. जाड रबराची पिशवी, धुऊन पुन्हा वापरायची. बाईनं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मी मात्र बघत होते, कारण मला सगळं लक्षात ठेवायचं होतं. मी विचारलं, दोन कशाला? एक पुरत नाही का? डॉक्टरीणबाई म्हणाली की एकावर दुसऱ्या बाईला सोडलं असतं, पण हिच्या बाबतीत चूक परवडणार नाही. एक चुकलं तर दुसऱ्यानं सांभाळायचं. दोन्ही, दर वेळी.

परत येताना गाडीत बाई माझ्या शेजारी बसली होती. गाडी हाकत भासरे पुढं, त्यांची पाठ आमच्याकडं. मग ती माझ्या कानाशी लागून म्हणाली, "म्हंजे बांधीले काट्याचं कुंपणबी करायचं अन् मचाणावर राखनदारबी बसवायचा." मी तोंडात पदर कोंबला. रानडुकरांच्या गावात राहणाऱ्या बाईला डॉक्टरिणीचं म्हणणं याहून नीट कळलं नसतं.

वस्तू सांभाळायच्या कशा, हेही डॉक्टरीणबाईनं मला दोनदा सांगितलं होतं. साबणानं धुवायच्या, सावलीत वाळवायच्या, शंखजिऱ्याची पूड लावून डबीत ठेवायच्या. उन्हात नको, चुलीजवळ नको. आणि व्हॅसलीन अजिबात लावायचं नाही, असं ती बोट हलवून म्हणाली. व्हॅसलीन काय असतं ते मला माहीत नव्हतं. शहरातल्या बाया हातापायांना लावतात ते, एवढं तिथल्या दाईनं सांगितलं. आमच्या घरात व्हॅसलीन नव्हतंच, त्यामुळं तो नियम आपण पाळणारच, असं आम्ही दोघी धरून चाललो.

भासऱ्यांना हे सगळं कुणी सांगायचं, हा प्रश्न होता. मी सांगणं शक्य नव्हतं. बाईच लाजत होती. शेवटी तिनं कधी आणि कसं सांगितलं ते मला माहीत नाही, पण दोन दिवसांनी तीच मला म्हणाली, "आयकलं त्यानं. म्हणे, मले पोरगा नाई पाह्यजे, तू पाह्यजे." हे सांगताना ती तांदूळ पाखडत होती. सूप तसंच हातात राहिलं आणि ती रडली. पुरुषाच्या तोंडून असं वाक्य आमच्या त्या गावात कुणी ऐकलं नव्हतं. वारसाला पोरगा नाही म्हणून लोक त्यांना दुसरी करा सांगत होते, तेव्हाची ही गोष्ट.

डबी धान साठवायच्या ढोलीमागं ठेवलेली असायची, पोरीचा हात पोचू नये म्हणून. दुपारी बाई टोपी धुवायची आणि खिडकीच्या उजेडाकडं धरून बघायची, डॉक्टरिणीनं सांगितलं होतं तशी. भोक पडलंय का ते ताणून बघायला सांगितलं होतं, पण ताणायची तिला भीती वाटायची. फाटली तर दुसरी कुठून आणणार? मग ती नुसतीच धरून बघायची. पिशवीची निगा भासऱ्यांकडं. एकदा पहाटे मी अंगणात सडा टाकायला गेले तर भासरे आडोशाला ती धूत बसलेले. मी मागं फिरले. त्या घरात एकमेकांना न बघण्याची सवय होती म्हणून बरं.

असं वर्षभर नीट चाललं. बाईच्या गालांवर मांस आलं. ती रोवणीच्या वेळी गाणं म्हणायला लागली, आणि पोरीला मारायचंही पुन्हा सुरू केलं, म्हणजे ती खरंच बरी झाली होती.

दुसऱ्या पावसाळ्यात शंखजिरं संपलं. नाले भरलेले, वडशाला जायची सोय नाही. दमट हवेत रबर रबरालाच चिकटायला लागलं. टोपीची घडी पडली ती उलगडेना, बाईनं ती अगदी जपून सोडवली. हे तिनं भासऱ्यांना सांगितलं असणार. त्याच आठवड्यात घाणीवरून नवं टोळीचं तेल आलं होतं.

रोवणीत चिखलात वाकून आम्ही दोघी शेजारी शेजारी धान लावत होतो, तेव्हा तिनं मला सांगितलं. "आता चिकटत नाई व. तुह्ये भासरे तेल पाजून राह्यले त्याले. टोपीले अन् त्या दुसऱ्यालेबी. वहाणेले पाजतात तसं, बोटानं, हळूहळू. आता कशी मऊ राह्यते, लोण्यावानी." मी म्हटलं, मग ती पाच पावसाळे टिकेल. ती इतकी हसली की हातातली रोपं चिखलात पडली. पलीकडच्या बाया विचारायला लागल्या काय झालं म्हणून. आम्ही काही सांगितलं नाही.

ते हसू मला अजून ऐकू येतं. आम्हाला कुणाला काही माहीत नव्हतं. चामडं तेलानं जगतं, हे त्या माणसाला लहानपणापासून ठाऊक होतं. रबर चामड्यासारखंच दिसतं, चामड्यासारखंच वाकतं. ज्या वस्तूवर आपल्या बायकोचा जीव टिकून आहे ती त्यानं त्याला येत होतं तसं जपलं. मला राग येतो तो कशाचा, हेच मला अजून ठरवता आलेलं नाही.

पोळ्यानंतर पिशवी फाटली. बाईनं मला ते सांगितलं, पण घाबरलेली नव्हती. टोपी होती ना, असं म्हणाली. राखणदार झोपला तरी कुंपण आहे, असंही म्हणाली. डॉक्टरिणीनं दिलेली आणखी एक पिशवी डबीत होती, तिलाही तेल लावून ठेवलेलं होतं. दोन कुंपणं होती, पण वाळवी दोन्हींना एकच लागली होती.

दसऱ्याला तिची पाळी आली नाही. दिवाळीलाही नाही. तिनं कुणाला सांगितलं नाही, मी धुण्यावरून ओळखलं. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, थंडीनं चुकली असेल. मग एक दिवस ती मोरीपाशी ओकत होती, मी तिला धरलं आणि दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

नाले उतरल्यावर दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईचा चेहरा पडला. ती रागावली नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं. आता काढूनही टाकता येणार नाही, रक्तस्रावाचा धोका तितकाच, असं ती म्हणाली. लोखंडाच्या गोळ्या दिल्या, ओझं उचलू नको म्हणाली, सातवा लागला की इथंच येऊन राहा, गावात थांबू नका. आणि मला म्हणाली, पुढच्या वेळी ती टोपी घेऊन या, मला बघायची आहे.

बाई त्या महिन्यांत फार शांत झाली. मला एकेक काम शिकवायला लागली. लोणच्यात मीठ किती, कोणत्या गाईला कोणता हात चालतो, पोरीच्या केसांत उवा झाल्या तर काय लावायचं. मला कळत होतं ती काय करते आहे. मी एकदा चिडून म्हटलं, मले काऊन सांगून राह्यली, तू आहेस ना? ती म्हणाली, "हो, मी आहो ना. तरी शिकून ठेव."

भासरे त्या दिवसांत बांबूच्या कामाला गेले नाहीत. घरातच असायचे. तिला पाणी आणू द्यायचे नाहीत, विहिरीवर स्वतः जायचे, आणि विहिरीवरच्या बाया हसायच्या. संध्याकाळी ते तिच्या पायांना तेल चोळायचे. तेच तेल.

चैत लागला होता. मोहाची फुलं पडत होती, सगळं जंगल त्या गोड वासानं भरलेलं. परवा निघायचं म्हणून गाडीला नवं गवत घातलं होतं, आणि निघायच्या आदल्या दिवशी सकाळीच तिला कळा सुरू झाल्या. भासऱ्यांनी तसेच बैल जुंपले. गाडीत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पहिल्या नाल्यापाशी रक्त सुरू झालं. मी लुगडं फाडून फाडून लावत होते. दुसऱ्या नाल्याजवळ ती म्हणाली, "पोरीले मारशीन तर हळू मारजो." दवाखाना दिसायच्या आधीच ती गेली. पोटातला जीवही तिच्यासोबत गेला. भासऱ्यांना मी सांगितलं नाही. ते बैलांना ओरडत होते, आणि मी त्यांना दवाखान्याच्या दारापर्यंत ओरडू दिलं.

टोपी डबीतून काढून मी बोचक्यात घेतली होती, आणायला सांगितली होती म्हणून. डॉक्टरीणबाईनं मला आत बोलावलं. तिनं टोपी दोन अंगठ्यांवर ताणून खिडकीकडं धरली. बारीक बारीक उजेडाचे ठिपके दिसले, चाळणीसारखे. तिनं ती नाकाशी नेली आणि विचारलं, तेल लावत होता का? मी हो म्हटलं. तिनं डोळे मिटले. तेलानं रबर मरतं, म्हणाली, कुठल्याही तेलानं. मी व्हॅसलीन म्हटलं, तेल म्हणायला हवं होतं, असं ती स्वतःशीच म्हणाली. ती मराठी शिकून आली होती आणि आमच्या घरातलं तेल तिला माहीत नव्हतं, याचा दोष मी तिला देऊ शकले नाही. तिनं टोपी कागदात गुंडाळून बाजूला टाकली. बाहेर भासरे भिंतीला टेकून बसले होते. मी त्यांच्यासमोरून गेले आणि एक शब्द बोलले नाही. तीच रीत होती, आणि त्या दिवशी मला ती रीत बरी वाटली.

जेठात टोळी पडली. वेचायला मी एकटीच गेले. आषाढ लागताना घाणीवरून तेल आलं. पोरीला तिच्या मामानं नेलं होतं, त्यामुळं घरात मी आणि भासरे दोघंच. दुपारची वेळ होती. ते ओसरीवर बसले होते, समोर वहाणा आणि तेलाची वाटी. मी आतून बाहेर जायला निघाले, तर त्यांनी मला थांबवलं. माझ्याकडं न बघता, पण खांबाकडंही न बघता.

"बाई," ते म्हणाले, "तुमी शिकल्या आहा. ढोलीच्या मांगची ती दुसरी रबर मी आज काढून पाह्यली. हात लावला तं बोटाले चिकटली. गुळावानी झाली व. तेलानं झालं का ते?"

इतक्या वर्षांत ते माझ्याशी पहिल्यांदा बोलत होते. त्यांच्या बोटांना खरंच काहीतरी काळपट चिकटलेलं होतं आणि ते दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं घासत होते. मला डॉक्टरिणीचं वाक्य जसंच्या तसं आठवलं. मी पदर पुढं ओढला.

"नाई भाऊ," मी म्हटलं. "तेलानं काई होत नाई. पावसाळ्यात रबर तसंच होते. बाईचं नशीबच तेवढं होतं."

नशीब हा शब्द मला कधीच आवडला नाही. माणसं त्याच्यामागं फार काही लपवतात. त्या दिवशी मी तो वापरला, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा वापरीन.

त्यांनी मान हलवली. बरं, म्हणाले. मग वाटी उचलून आत गेले आणि तेल पुन्हा गाडग्यात ओतून ठेवलं.

पुढं सरकारनं भिंतीभिंतीवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवले, नर्सबाया गावोगाव फिरायला लागल्या, रबरं फुकट वाटली गेली. मी आमच्या आणि आसपासच्या गावांतल्या बायांना गाठून गाठून सांगायचे, त्याले तेल लावू नोका, कोणतंच तेल लावू नोका. पण विहिरीवर, बांधीत, जिथं पुरुष नसतील तिथं, आणि हळू आवाजात. आमच्या घरापर्यंत ते येऊ नये एवढी काळजी मी घेतली. बाया म्हणायच्या, हिला या एका गोष्टीचंच काय वेड लागलं आहे.

भासरे आणखी पुष्कळ वर्षं जगले. दुसरी केली नाही. आम्ही पुन्हा कधी बोललो नाही, पोरगी परत आल्यावर तिच्यामार्फतच चाललं. पोरगी मी वाढवली, मारलं तर हळूच मारलं. बैलांच्या पट्ट्यांना मजुरानं कधी तेल लावलं तर लावलं, पण भासऱ्यांच्या वहाणा उन्हाळ्यात लाकडासारख्या कडक व्हायच्या. कडा तडकायच्या, टाचेला चावायच्या, रक्त यायचं. पाच पावसाळे टिकणारी वहाण एका पावसात जायला लागली. म्हणजे मी सांगितलेलं त्यांनी खरं मानलंच नव्हतं, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. त्यांनी ते मला कधी कळू दिलं नाही.

पोरगी मोठी झाली, लग्नाला आली, तेव्हा एकदा बापाच्या टाचेवर चिंधी बांधता बांधता तिनं मला विचारलं, "काकू, बाबा वहाणेले तेल काऊन नाई लावत?"

बाबा तिथंच बसले होते, चार हातांवर. ऐकत होते. मी खांबाकडं बघत म्हटलं, "विसरतात."